कागद हुंगणाऱ्या बाई

"आल्या, हुंगणाऱ्या बाई आल्या. वरचा गठ्ठा दाखवू नकोस, खालचा काढ."

बुधवार पेठेतल्या कागदाच्या दुकानात मालक आपल्या भावाला हे हळू आवाजात म्हणाले. पण दुकान इतकं अरुंद होतं की हळू आवाजालाही कुठे जायला जागा नव्हती. मी बाईंच्या मागे उभी होते. हातात त्यांची छत्री, त्यांची कापडी पिशवी आणि माझा लॅपटॉप. मला वाटलं, आता बाई चिडणार. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "खालचा नको. खालच्याला फरशीची ओल लागते. मधला काढा."

भावाने मुकाट्याने मधला गठ्ठा काढला. बाईंनी त्यातला एक ताव दोन बोटांत धरून उचलला, कानाजवळ नेऊन हलवला आणि मग त्याचा कोपरा नाकाशी धरून डोळे मिटले. दुकानाबाहेर दर्शनाला निघालेल्या दोन बायका हारांच्या पुड्या हातात धरून बघत थांबल्या. बाईंना बघणाऱ्यांचं कधीच काही वाटलं नाही. मला मात्र वाटायचं. मी लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडून पुन्हा लावत बसले.

"हा फार बोलतो," बाई म्हणाल्या. "दुसरा दाखवा."

बोलणारा कागद म्हणजे हलवल्यावर खडखडणारा. बाईंना तो चालत नसे. पालक शाळेची माहितीपुस्तिका चाळत असताना तीच आवाज करायला लागली तर पालकांनी वाचायचं कधी, असं त्या विचारत. वास कशाला घेता, असं मी पुढे कधीतरी धीर करून विचारलं. "ज्याला वासच नाही त्या कागदावर विश्वास ठेवू नये," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि जी मुलगी काही विचारतच नाही तिच्यावरही. बरं झालं विचारलंस."

त्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा विश्रांतवाडीत, इंग्रजी माध्यमाची. तिथे प्रत्येक शिक्षिका 'मिस' किंवा 'मॅडम'. फक्त या 'बाई'. कोणी चुकून मॅडम म्हटलं तर म्हणत, "मॅडम म्हणायला मी काही साड्या बघायला आलेली नाहीये." त्यांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, पण ते त्या फक्त रागावल्यावर बाहेर काढत. बाईंच्या खोलीतून इंग्रजी ऐकू आलं की कॉरिडॉर रिकामा व्हायचा.

माझी ती पहिली नोकरी. नेमणुकीच्या पत्रात 'कम्युनिकेशन्स एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलं होतं. काम म्हणजे शाळेची वेबसाइट सांभाळायची, पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकायचे आणि वर्षातून एकदा प्रवेशाची माहितीपुस्तिका काढायची. मी इंग्रजी बरं लिहिते आणि बोलते कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक एकतर शहाणं समजतात नाहीतर गर्विष्ठ. शाळेत दोन्ही मतांची माणसं होती. बाईंचं मत तिसरंच होतं. मी लिहिलेलं पहिलं पान वाचून त्या म्हणाल्या, "तू बोलत नाहीस ते चालेल. पण तू लिहितेस तेव्हाही काही बोलत नाहीस. हे होलिस्टिक म्हणजे काय ग?"

मी सांगायचा प्रयत्न केला.

"हे तू आत्ता जे सांगितलंस ना, मुलं खेळतात, पडतात, शिकतात, ते लिही. होलिस्टिक आपण शेजारच्या शाळेला देऊन टाकू."

त्या वर्षीच्या पुस्तिकेला वेगळं वजन होतं. शाळा दोन वेळेला भरते. सकाळच्या शाळेत समोरच्या नव्या टॉवरमधली आणि पार वाघोलीपर्यंतच्या सोसायट्यांतली मुलं बसने येतात. दुपारच्या शाळेत आसपासची. कोणाची आई पोळ्या करायला जाते, कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाचे कुरिअर वाटतात. शिक्षिका त्याच, पुस्तकं तीच, गणवेशही तोच; फी कमी. दुपारच्या नर्सरीत मुलं कमी होत चालली होती. संस्थेच्या सचिवांनी दिवाळीनंतरच सांगून टाकलं होतं की यंदा नर्सरी भरली नाही तर दुपारचा नवा वर्ग उघडायचा नाही. नवा वर्ग नाही म्हणजे खालून शाळा संपत जाणार, एकेक इयत्ता करत. बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. दुपारची शाळा त्यांनीच सुरू केलेली. ती आपल्यासमोर बंद होऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते सगळं एका पुस्तिकेच्या कागदावर अवलंबून आहे अशी त्यांची पक्की समजूत होती.

सचिवांचीही समजूत तीच होती. कागद तेवढा वेगळा होता.

सचिव वाईट गृहस्थ नव्हते. दुपारच्या मुलांच्या दातांच्या तपासणीला ते स्वतः येऊन बसायचे, रडणाऱ्या मुलांना मांडीवर घ्यायचे. पण त्यांनी इतर शाळांच्या पुस्तिका जमवल्या होत्या आणि त्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरून ते म्हणत, "बघा बाई, पॅकेजिंग मॅटर्स. लोक शाळा आधी हातात घेऊन बघतात. हात लावल्यावर कळलं पाहिजे." त्यांना जाड चकचकीत आर्ट पेपर हवा होता, मुखपृष्ठाला व्हेल्वेट लॅमिनेशन आणि शाळेचं नाव सोनेरी फॉइलमध्ये.

त्यासाठी बाई आणि मी लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये गेलो. तिथल्या सेल्समनने आमच्यासमोर नमुने मांडले. बाईंनी व्हेल्वेटवरून बोट फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला.

"अगं बाई. हे उंदराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं लागतं."

"मॅडम, सगळ्या इंटरनॅशनल स्कूल आता हेच घेतात."

"घेऊ देत. त्यांच्याकडे मांजर असेल."

मग त्याने एक मुखपृष्ठ दाखवलं. त्यावर फक्त अक्षरांना चकाकी होती, उजेडात धरलं की ओली दिसायची. बाईंनी ते तिरकं धरून विचारलं, "हे कुणी चाटलंय का?" सोनेरी फॉइल पाहिल्यावर म्हणाल्या, "वर्ख छान लागलाय. आत काजूकतली आहे ना?" सेल्समन बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. हसू दाबायची मला लहानपणापासून सवय आहे, पण त्या दिवशी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा बाई त्या सेल्समनला त्याच्या मुलीच्या गणिताबद्दल काहीतरी समजावून सांगत होत्या आणि तो व्हेल्वेटच्या नमुन्यावरच ते लिहून घ्यायला बघत होता. व्हेल्वेटवर पेन चालत नाही हे त्यालाही तेव्हाच कळलं असणार. त्याने मग खिशातली पावती काढली.

बाईंचा आवडता कागद म्हणजे किंचित पिवळसर, खरखरीत, वहीच्या पानासारखा. त्यावर पेन, पेन्सिल, काहीही चालतं. त्याचे तुकडे त्यांच्या पर्समध्ये साडीच्या पिनेत टोचलेले असायचे. कागदाची परीक्षा घ्यायची बाईंची स्वतःची पद्धत होती. मधल्या सुट्टीत त्या एखादा नमुना घेऊन पटांगणात जात, नुकताच पराठा खाल्लेल्या मुलाला बोलावत आणि म्हणत, "हे जरा धर रे." मग तेलाचे ठसे निरखत परत येत. नमुना एक दिवस चहाच्या कपाखाली, एक दिवस खिडकीच्या उन्हात आणि एक दिवस माझ्या बॅगेत तळाला. "तुझी बॅग भयंकर भरलेली असते. तीतून जो सुखरूप बाहेर येईल तो पालकांच्या घरात टिकेल."

त्यांची निवड दर वेळी बरोबर ठरायची असंही नाही. एका वर्षी त्या हातकागदाच्या प्रेमात पडल्या होत्या. त्यावर शाळेचा गोल शिक्का मारला की शाई सूर्यफुलासारखी फुलत जायची, आणि पहिल्या पानावरच्या बाईंच्या फोटोत नाकाखालची सावली अशी काही पसरली की ऑफिसमध्ये कोणी कोणाकडे बघेना. हे मला क्लार्कने दार लावून घेऊन सांगितलं. बाईंनी मात्र ते सगळ्यांसमोरच सांगितलं. "त्या वर्षी मला मिशा होत्या. शाळेची शिस्त बरीच सुधारली."

त्यांच्या कपाटात एक जुनी पुस्तिका जपून ठेवलेली होती. एका पालकांनी प्रवेश झाल्यावर ती परत आणून दिली होती, कारण त्यांना वाटलं की द्यायची असते. तिच्या समासात कोणीतरी फोन नंबर लिहिलेला, मागच्या पानावर मुलाने हत्ती काढलेला आणि मधल्या पानावर डाळीचा डाग. बाई ती मला अभिमानाने दाखवत. "वापरली, म्हणजे वाचली. या चकचकीतवर कोणाची हत्ती काढायची हिंमत होईल का?"

या सगळ्यामागचा त्यांचा सिद्धांत मला जानेवारीत कळला. शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीशी चौकशीला आलेल्या पालकांची रांग होती. बाई मला घेऊन आतल्या बाजूला, पडद्याआड उभ्या राहिल्या. खिडकीतली मदतनीस प्रत्येकाला गेल्या वर्षीची पुस्तिका बघायला देत होती. ती सचिवांच्या आग्रहाने निघालेली होती, गुळगुळीत.

"हात बघ," बाई कुजबुजल्या. "तोंडाकडे बघू नकोस. पुण्यात तोंड फार शिकलेलं असतं."

मी हात बघू लागले. अंगठी घातलेला हात आला, पुस्तिका घेऊन गेला. मोबाइल धरलेला हात आला. मग एक बाई आली. तिने पुस्तिका घेण्याआधी हात पदराला पुसला. तिच्यामागच्या माणसाने पँटला पुसला.

"दिसलं?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता. "ज्या कागदाला हात लावण्याआधी माणसाला हात पुसावासा वाटतो ना, तो कागद त्याला आधीच म्हणालेला असतो, लांब उभा राहा. आपण आत बोलावतोय आणि आपला कागद हाकलतोय. ती बाई दुपारच्या शाळेत येईल का सांग."

मला माझ्या आईचा हात आठवत होता.

हे मी शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. शाळेत मला आईबद्दल विचारलं तर मी म्हणायचे, "ती हॉस्पिटलमध्ये असते." पुढचं लोक आपापलं ठरवायचे. माझं इंग्रजी ऐकून कोणी डॉक्टर ठरवायचं, कोणी नर्स. मी घराबद्दल बोलत नाही, कोणाच्याच. आई त्या हॉस्पिटलात आया होती. मला मोठ्या शाळेत घालायचं ठरवलं तेव्हा ती रात्रपाळी संपवून परस्पर मला घेऊन त्या शाळेत गेली. तिथल्या रिसेप्शनिस्टने काचेच्या टेबलावरून एक जाड, चमकणारी पुस्तिका पुढे केली. आईने दोन्ही हात पदराला पुसले, पाठपोट, आणि मग ती घेतली. मी तेव्हा तिच्या कमरेएवढी होते, त्यामुळे हात अगदी माझ्या डोळ्यांसमोर होते.

ती पुस्तिका आमच्या घरी शोकेसमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारी उभी असते. अजूनही. आई पौर्णिमेला मूर्ती स्वच्छ करते तेव्हा पुस्तिकेवरूनही फडकं फिरवते. दोन्हींना हात लावण्याआधी हात पुसते.

बाईंना हे सांगावंसं वाटलं होतं का? वाटलं होतं. पण एका गोष्टीसाठी सगळं घर उघडावं लागलं असतं. आणि बाई तेव्हा इतक्या हळव्या झाल्या होत्या की त्यांच्या सिद्धांताला धक्का लावावा असं वाटेना.

फेब्रुवारीत दोन डमी तयार झाल्या. डमी म्हणजे छपाईआधीचा एकेक नमुना. एक सचिवांची, काळसर निळी, व्हेल्वेटची, सोनेरी अक्षरांची. एक बाईंची, पिवळसर, साधी, मुखपृष्ठावर दुपारच्या एका मुलीने काढलेलं चिंचेचं झाड. बाईंनी फर्मान काढलं की दोन्ही घेऊन मी फाटकाशी उभं राहायचं, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते त्या वेळेला. तेव्हा दोन्हीकडचे पालक एकत्र असतात. "बोलायचं काही नाही. तुला जमेल," त्या म्हणाल्या. स्वतः त्या कढीपत्त्याच्या झाडाआड जाऊन पानं खुडत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. झाड त्यांच्या खांद्याएवढंच होतं, त्यामुळे सगळ्या पालकांनी त्यांना नमस्कार केला.

सकाळच्या एका आईने दोन्ही पुस्तिका एका हाताने चाळल्या, दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली फिरवत. निळी परत देताना म्हणाली, "नाइस." पिवळी देताना म्हणाली, "ओह, धिस इज क्यूट." मग दुपारच्या शाळेतल्या मुलाला सोडायला एक बाई आली. कडेवर धाकटी मुलगी होती, हातात मुलाची पाण्याची बाटली. मी तिच्यापुढे पिवळी धरली.

"काय आहे हे?"

"नर्सरीच्या ॲडमिशनची पुस्तिका. अजून छापली नाही, नमुना आहे."

तिने ती घेतली. हात पुसला नाही. एक पान उलटलं, झाड बघितलं आणि तिची नजर माझ्या काखेतल्या निळीकडे गेली.

"आणि ते?"

"तोही नमुनाच."

"तो सकाळच्यांचा का? आणि हा आमचा?"

"नाही, तसं काही ठरलं नाहीये."

"ठरलं की सांगा." तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात आपल्याला हवा तो रंग संपलाय असं कळल्यावर माणूस बोलतो, तशी ती बोलली. मग म्हणाली, "बघू तरी द्या की."

मी निळी पुढे केली. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, बाटली मुलाकडे दिली, मोकळा हात पदराला नीट पुसला आणि पुस्तिका घेतली. सोनेरी अक्षरांवरून एक बोट हळूच फिरवलं. धाकटीने चिकट हात पुढे केला तसा तिने तो धरून ठेवला. "थांब. तुझ्याच शाळेचं आहे, पळून जातंय का?" परत देताना तिने मला बजावलं, "ताई, कडेने धरा हां. डाग लवकर दिसेल याच्यावर."

ती गेल्याबरोबर बाई झाडाआडून आल्या, मुठीत कढीपत्ता. चेहरा उजळलेला.

"पाहिलंस? पिवळीला पुसला नाही, निळीला पुसला. मी सांगत होते."

"बाई, पण ती म्हणाली की..."

"म्हणू दे ग. काय सांगितलंय तुला? हात बघायचे."

"हो, पण ती विचारत होती, आमचा वेगळा का."

बाईंनी मुठीतला कढीपत्ता हुंगला. मग म्हणाल्या, "विचारतायत ना? म्हणजे लक्ष देतायत. चांगलंच आहे," आणि कढीपत्ता माझ्या हातात कोंबून त्या वर्गाकडे चालू लागल्या. मी त्यांच्यामागे दोन पावलं गेले. त्या मागे वळून बघत नसत. त्यांचं चालणं असं होतं की बोलणाऱ्याने आधीच बोलून टाकलेलं असावं लागे.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता दोन वर्षं होतील. नदीपलीकडे त्यांचा छोटा फ्लॅट आहे, तिथे मी अधूनमधून जाते. त्या अजूनही आलेला प्रत्येक कागद हुंगतात. लग्नपत्रिका, विजेचं बिल, औषधाच्या डबीतली घडी. मागच्या वेळी मी आईने दिलेले तिळाचे लाडू नेले, तर त्यांनी लाडवाआधी खालचा कागद हुंगला आणि म्हणाल्या, "तुझी आई कागद चांगला निवडते." त्यांच्या निवृत्तीनंतरच्या जूनमध्ये दुपारची नर्सरी उघडली. ती पुस्तिकेमुळे उघडली असं बाई म्हणतात. सचिव म्हणतात, फी वाढवली नाही म्हणून. शिक्षिका म्हणतात, शेजारची एक शाळा बंद पडली म्हणून. खरं काय ते मला माहीत नाही. बाईंकडे गेलं की निरोप देताना त्या दारात हमखास एक वाक्य ऐकवतात, "एवढ्या वर्षांची माझी परीक्षा, आणि तू मला एका दमात नापास केलंस." असं म्हणताना त्या माझा हात धरून ठेवतात, त्यामुळे लिफ्ट निघून जाते.

नापास केलं ते त्या मार्चमधल्या बैठकीत.

सचिवांची केबिन. टेबलावर दोन्ही डमी शेजारी शेजारी, चहाचे कप मुद्दाम लांब ठेवलेले. सचिव, आणखी दोन विश्वस्त, बाई आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून मी. दोन आठवडे वाद चालला होता. बाईंनी दोनदा इंग्रजी वापरलं होतं. शेवटी सचिवांनी हात वर केले आणि म्हणाले, "बाई, भांडायचं कशाला? मी तोडगा काढलाय. दोन काढू. सकाळच्यासाठी ही, दुपारच्यासाठी तुमची. ज्याला जी शोभते ती. दोन्हीकडे ॲडमिशन वाढतील. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्हाला नाराज करून पाठवायचं नाहीये मला."

ते मनापासून म्हणाले. विश्वस्तांनी माना डोलावल्या. बाईंनी पिवळी डमी उचलली, कानाशी हलवली, कोपरा नाकाशी नेला. आम्ही सगळे थांबलो.

"माझ्या दुपारच्यांना माझा कागद मिळतोय ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं. तुमचे उंदीर तुम्ही पाळा."

सगळे हसले. सचिव सर्वांत मोठ्याने हसले, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. बाईही हसल्या. मी त्यांना इतकं निर्धास्त कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा कागद भांडण न करता पास झाला होता. दुपारची शाळा वाचली असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बघ.

मला कडेवरची ती मुलगी दिसत होती. तिच्या आईने तिचा चिकट हात धरून ठेवलेला. पुस्तिका छापून आल्यावर खिडकीशी तीच बाई येणार, पुढच्याला निळी मिळालेली बघणार आणि तिच्या हातात पिवळी पडणार. ती काही बोलणार नाही. हात पुसणार नाही. आणि झाडाआडून बघणाऱ्या माणसाला वाटणार, वा, किती मोकळेपणाने घेतली.

"चला तर मग, फायनल," सचिव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ते प्रत्येक बैठकीच्या शेवटी सभ्यपणे वळायचे. "तुमचं काही, मॅडम? नाही ना?"

मी नेहमी मान हलवते. लॅपटॉप मिटते, चार्जर गुंडाळते आणि सर्वांत शेवटी बाहेर पडते. हात घामेजले होते. मी ते लॅपटॉपआड कुर्त्याला पुसले, पाठपोट. पुसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. मग मी टेबलाशी गेले आणि निळी डमी उचलली. बाईंच्या कपाळावर आठी पडली. सगळे माझ्याकडे बघत होते. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, आणि विश्वस्तांसमोर इंग्रजी सोडून मराठीत बोलतेय हेही नंतर कळलं.

"माझी आई हॉस्पिटलात आया होती, सर. माझ्या शाळेची पुस्तिका घेताना तिनं हात पुसले होते. घाबरून नाही, बाई. चांगल्या वस्तूला ती तशीच हात लावते. कागद कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, पण दोन नका काढू. एकच काढा, आणि चांगली काढा."